मोठं विमान कंपनी घेते, रांग पायलटची सरकते : पोराला पायलट करायच्या आधी हा हिशोब समजून घ्या

बदनापूर : गेल्या दोन-तीन वर्षांपासून मोबाईलवर एक बातमी सारखी फिरतेय. अमुक कंपनीने पाचशे विमानं मागवली, तमुक कंपनीने साठ मोठी विमानं घेतली, देशात पायलट कमी पडणार, पगार लाखांत. खाली एखाद्या अकॅडमीची जाहिरात आणि फोन नंबर. बारावी सायन्सला मुलगा किंवा मुलगी असलेल्या घरात ही बातमी पोचली की रात्री जेवताना विषय निघतोच. रस्त्यालगतच्या जमिनीला भाव आलाय, समृद्धीत जमीन गेलेल्यांच्या हातात मधे पैसाही आला. मग कुणीतरी म्हणतं, दोन एकर काढले तर पोरगं पायलट होईल का?

बातम्या खोट्या नाहीत. विमानं खरंच मागवलीत. पण कंपनी कोणतं विमान घेते, विकत घेते की भाड्याने, आणि ते कधी येतं, यावर पायलटचं अख्खं आयुष्य कसं फिरतं हे त्या जाहिरातीत नसतं. जमिनीचा सौदा करायच्या आधी ते कळलेलं बरं.

मोठं विमान म्हणजे कोणतं?

आपल्याला जवळचं विमानतळ चिकलठाण्याचं. तिथे मुंबई, दिल्ली, हैदराबादहून जी जेट विमानं उतरतात ती साधारण १८० सीटची. आत गेल्यावर मधे एकच वाट, दोन्ही बाजूला तीन-तीन सीट. एअरबसचं ए३२० किंवा बोइंगचं ७३७ हे या जातीतलं. जळगाव, सोलापूरला जी पंख्याची विमानं जातात ती एटीआर, सत्तर-बहात्तर सीटची. ती त्याहून लहान.

मोठं विमान म्हणजे आत दोन वाटा असलेलं. एअर इंडियाच्या ए३५० मध्ये ३१६ सीट आहेत. बोइंगचं ७८७ आणि ७७७ याच जातीतलं. मुंबई-दिल्लीहून लंडन, न्यूयॉर्क, टोरांटोला न थांबता जायचं तर हेच लागतं. आपल्या देशात हे विमान पहिल्यांदा आलं १९७१ साली, एअर इंडियाचं जम्बो जेट, बोइंग ७४७. पण त्यानंतर पन्नास वर्षं झाली तरी भारतीय कंपन्यांकडे ही विमानं मोजकीच राहिली. भारतातून परदेशी जाणारा माणूस मोठ्या संख्येने दुबई, दोहा, अबुधाबीत उतरून तिथल्या कंपनीच्या विमानाने पुढे जातो. पैसा तिकडे जातो, आणि त्या विमानांवरच्या पायलटच्या नोकऱ्याही तिकडेच.

हे चित्र आता बदलायला लागलंय. जानेवारी २०२२ मध्ये एअर इंडिया टाटांकडे गेली. २०२३ मध्ये त्यांनी एकदम ४७० विमानांची ऑर्डर दिली. त्यात ७० मोठी : ४० ए३५०, २० ७८७ आणि १० ७७७एक्स. इंडिगोने २००६ मध्ये ए३२० वर धंदा सुरू केला आणि कितीतरी वर्षं मोठ्या विमानाला हात लावला नाही. त्या इंडिगोने एप्रिल २०२४ मध्ये ३० ए३५० मागवली आणि जून २०२५ मध्ये हा आकडा ६० केला.

लायसन्स एक, पण विमान बदललं की पुन्हा शाळा

आपल्याकडे हेवी लायसन्स काढलं की माणूस टिप्परही चालवतो आणि ट्रॅव्हल्सही. विमानाचं तसं नाही. कमर्शियल लायसन्स हातात आलं तरी ए३२० उडवायचं तर ए३२० चं वेगळं ट्रेनिंग, ७३७ उडवायचं तर ७३७ चं वेगळं. याला टाईप रेटिंग म्हणतात. ए३२० वर दहा हजार तास झालेला कॅप्टनसुद्धा ७७७ च्या कॉकपिटमध्ये थेट बसू शकत नाही. आधी सिम्युलेटर, मग परीक्षा, मग सिनिअर शेजारी बसवून उड्डाणं.

काही विमानं मात्र भाऊबंदातली असतात. ए३२० आणि ए३२१ ला एकच रेटिंग चालतं. ए३२० वरून ए३५० कडे जाणं हे ए३२० वरून बोइंगकडे जाण्यापेक्षा सोपं, कारण एअरबसने कॉकपिट एका धाटणीचं ठेवलंय. इंडिगोने मोठं विमानही एअरबसचंच घेतलं, त्यात हा हिशोब नक्की असणार. हजारो ए३२० पायलट घरातच आहेत, त्यांना वर चढवणं सोपं पडतं.

रांग वरून सरकते

बाविसाव्या वर्षी २०० तासांचं लायसन्स घेऊन बाहेर पडलेल्या पोराला कंपनी न्यूयॉर्कच्या विमानात कॅप्टन करत नाही. त्याची सुरुवात बहुतेक वेळा ए३२०, ७३७ किंवा एटीआरच्या उजव्या सीटवरून, म्हणजे को-पायलट म्हणून. डावी सीट कॅप्टनची. कॅप्टन व्हायला एटीपीएल नावाचं वरचं लायसन्स लागतं, त्यासाठी किमान १५०० तास. तास झाले म्हणजे सीट मिळाली असंही नाही. जागा रिकामी पाहिजे आणि सिनिऑरिटीत नंबर लागला पाहिजे. कंपनी जोरात वाढत असली की पाच-सहा वर्षांत कॅप्टन होतो, थांबली की दहा वर्षं त्याच सीटवर.

मोठ्या विमानाचा संबंध इथे येतो. समजा कंपनीकडे एक ए३५० आलं. त्यावर ए३२० चे अनुभवी कॅप्टन जातात. त्यांच्या रिकाम्या डाव्या सीटवर ए३२० चे जुने को-पायलट येतात. त्यांच्या उजव्या सीट रिकाम्या होतात, आणि तिथे नव्या पोरांचा नंबर लागतो. झेडपीच्या गुरुजींचं प्रमोशन जसं असतं तसंच. वर केंद्रप्रमुखाची जागा निघाली तर खाली कुठेतरी नवा शिक्षक लागतो, पण तो केंद्रप्रमुख म्हणून लागत नाही.

शिवाय मोठं विमान पायलटही जास्त खातं. चिकलठाणा-मुंबईला दोन पायलट पुरतात. मुंबई-न्यूयॉर्क हा पंधरा-सोळा तासांचा प्रवास. विश्रांतीच्या नियमामुळे तिथे चार पायलट नेतात, दोघं चालवतात, दोघं झोपतात. २०२३ च्या ऑर्डरनंतर विमान क्षेत्रातल्या जाणकारांनी हिशोब मांडला होता : छोट्या विमानामागे बारा पायलट, ७८७ मागे वीस, ७७७ मागे सव्वीस, ए३५० मागे तीस. एअर इंडियाच्या ४७० विमानांना मिळून साडेसहा हजार पायलट लागतील, असा तो अंदाज होता.

म्हणजे ६० मोठी विमानं ही बातमी आपल्या पोरासाठीही चांगलीच आहे, फक्त तिचा फायदा तीन पायऱ्या उतरून खाली येतो. आणि मधली एक पायरी जरी अडली तरी रांग जागेवर थांबते.

पायरी कुठे कुठे अडते

पहिली अडचण, विमान वेळेवर येत नाही. इंडिगोने ए३५० ची ऑर्डर दिली तेव्हाच ती २०२७ पासून मिळतील असं सांगितलं होतं. बोइंगचं ७७७एक्स २०२० ला यायचं होतं, ते पुढे ढकलत ढकलत २०२७ वर गेलंय. ऑर्डर ही मोसंबीच्या रोपासारखी. आज लावलं म्हणून आज फळ नाही, आणि मधे एखादा दुष्काळ पडला तर बागच जाते.

दुसरी अडचण कमी लोकांना माहीत आहे. विमान विकत न घेता भाड्याने घेता येतं, आणि भाड्याचेही प्रकार आहेत. नुसतं विमान घेतलं तर पायलट आपले. पण विमान पायलटसकट भाड्याने घेता येतं, जसं आपण हार्वेस्टर मालकाच्या ड्रायव्हरसकट बोलावतो. इंडिगोने स्वतःची ए३५० येईपर्यंत थांबायचं नाही म्हणून नॉर्स अटलांटिक या नॉर्वेच्या कंपनीची ७८७ विमानं अशीच घेतली आणि जुलै २०२५ पासून मुंबईहून मँचेस्टर आणि ॲमस्टरडॅमला सेवा सुरू केली. कॉकपिटमध्ये पायलट नॉर्सचे. त्याआधी इस्तंबूलसाठी तुर्की कंपनीची ७७७ घेतली, तिथेही तोच प्रकार. प्रवाशाला इंडिगोचं तिकीट, कंपनीला नवा मार्ग, पण घरच्या ए३२० कॅप्टनला त्या विमानात जागा नाही. बातमीत “इंडिगोचं युरोपला उड्डाण” एवढंच येतं. रांग मात्र एका माणसानेही सरकत नाही.

तिसरी गंमत अशी की आता छोटं विमानही लांब जायला लागलंय. एअरबसचं ए३२१ एक्सएलआर हे एका वाटेचंच विमान, पण भारतातून युरोपच्या अलीकडच्या टोकापर्यंत जाऊ शकतं. इंडिगोने तेही मागवलंय. त्याला ए३२० चंच रेटिंग चालतं. म्हणजे पायलटला परदेशी जायला मोठ्या विमानाची वाट बघायची गरज नाही, आणि कंपनीला तेवढे जास्त पायलट लागतीलच असंही नाही.

डावी सीट की मोठी सीट?

कॅप्टन व्हायच्या उंबरठ्यावर आलेल्या पायलटसमोर हा खरा पेच असतो. ए३२० वर थांबला तर दोन वर्षांत कॅप्टन. ए३५० वर गेला तर मोठं विमान, परदेश, पण पुन्हा उजवी सीट, आणि कॅप्टन व्हायला आणखी किती वर्षं लागतील ते कंपनी किती विमानं आणते त्यावर.

बहुतेक जण आधी कॅप्टन होणं पसंत करतात, आणि आमच्या मते ते शहाणपणाचं आहे. कॅप्टन म्हणून केलेल्या तासांना बाजारात वेगळी किंमत आहे. छोट्या विमानाचा कॅप्टन साधारणपणे मोठ्या विमानाच्या को-पायलटपेक्षा जास्त कमावतो. पुढे मोठ्या विमानावर गेलाच तर कॅप्टनपदाचा अनुभव घेऊन जातो.

पण घरादाराचा विचार केला की उत्तर बदलतं. छोट्या विमानाचा पायलट दिवसाला तीन-चार वेळा उडतो आणि उतरतो, पहाटे तीनला उठतो, पण बऱ्याचदा रात्री घरी येतो. मोठ्या विमानाचा पायलट महिन्यात मोजक्या फेऱ्या करतो, पण एकदा गेला की तीन-चार दिवस बाहेर. शरीराला दिवस-रात्र कळत नाही. त्यात चार पायलट असले की प्रत्येकाच्या वाट्याला स्वतः विमान उतरवायची पाळी कमी येते. नियम असा आहे की ९० दिवसांत किमान तीन टेकऑफ आणि तीन लँडिंग झालीच पाहिजेत. मोठ्या विमानाच्या काही पायलटना ती संख्या भरायला सिम्युलेटरमध्ये जावं लागतं. अमेरिकेला विमान नेणाऱ्या माणसाला लँडिंगची संख्या भरायला मशीनवर बसावं लागतं, हे ऐकायला विचित्र वाटतं, पण तसंच आहे.

छोट्या विमानांवरचा ताण काय असतो ते डिसेंबर २०२५ मध्ये सगळ्या देशाने बघितलं. पायलटच्या विश्रांतीचे नवे नियम लागू झाले. आठवड्याची सुटी ३६ तासांवरून ४८ तास झाली, रात्रीच्या लँडिंगवर बंधन आलं. इंडिगोकडे त्या हिशोबाने पायलट कमी पडले. ५ डिसेंबरला एका दिवसात हजारावर विमानं रद्द झाली. शेवटी सरकारला तात्पुरती सूट द्यावी लागली. देशात हजारो तरुण लायसन्स घेऊन बसलेत आणि तरी पायलट कमी, हे कसं? कारण कमी असतो तो त्याच विमानाचं रेटिंग असलेला, तास झालेला, त्यातही डाव्या सीटवरचा माणूस. नवं लायसन्स उद्या त्याची जागा भरू शकत नाही.

जेटच्या पायलटांचं काय झालं

मुंबईची जेट एअरवेज पंचवीस वर्षं चालली. तिच्याकडे बोइंग ७७७ होती, एअरबस ए३३० होती. त्या विमानांचा कॅप्टन म्हणजे देशातल्या पायलटांमधला मानाचा माणूस. १७ एप्रिल २०१९ ला जेटचं शेवटचं विमान उडालं आणि कंपनी बंद पडली. त्याआधी काही महिने पायलटचे पगार थकलेच होते.

आता ७७७ च्या कॅप्टनने जायचं कुठे? त्या वेळी भारतात ७७७ होतं फक्त एअर इंडियाकडे, आणि ती स्वतःच कर्जात. इंडिगोकडे ए३२० आणि एटीआर, स्पाईसजेटकडे ७३७. काही जण आखातात गेले, काही नवीन आलेल्या विस्ताराकडे, काहींनी छोट्या विमानाचं ट्रेनिंग पुन्हा घेतलं. विमान क्षेत्रात सिनिऑरिटी कंपनीबरोबर जाते. दुसऱ्या कंपनीत गेलात की तुम्ही यादीच्या शेवटी, मग आधी वीस वर्षं काढलेली असोत. आणि वर्षभरात कोरोना आला. मार्च २०२० मध्ये नियमित आंतरराष्ट्रीय उड्डाणं बंद झाली ती मार्च २०२२ मध्ये पूर्ववत झाली. देशातली छोटी विमानं दोन महिन्यांत सुरू झाली, पण मोठी विमानं जगभर धावपट्टीच्या कडेला झाकून उभी राहिली.

याचा अर्थ छोट्या विमानवाली कंपनी सुरक्षित, असंही नाही. गो फर्स्टकडे फक्त ए३२० होती. इंजिनांच्या अडचणीत ती कंपनी ३ मे २०२३ ला बंद पडली. पण तिच्या पायलटांकडे ए३२० चं रेटिंग होतं, आणि देशात ए३२० वाल्यांना गिऱ्हाईक जास्त. त्यांना निदान विमान बदलावं लागलं नाही.

कंपन्या एकत्र होतात तेव्हाही भांडण याच रांगेचं. विस्तारा एअर इंडियात नोव्हेंबर २०२४ मध्ये विलीन झाली. त्याआधी एप्रिलमध्ये विस्ताराच्या पायलटांना नवा करार आला. आधी महिन्याला ७० तासांचा पगार पक्का होता, तो ४० तासांवर आला. बरेच पायलट आजारी म्हणून रजेवर गेले आणि कंपनीला रोजच्या पंचवीस-तीस फेऱ्या कमी कराव्या लागल्या. पगाराइतकीच काळजी होती ती दोन कंपन्यांच्या याद्या एक झाल्यावर आपला नंबर कुठे लागणार याची.

नोकरी सोडणंही सोपं नाही. डीजीसीएच्या २०१७ च्या नियमाप्रमाणे को-पायलटला सहा महिने आणि कॅप्टनला एक वर्षाची नोटीस द्यावी लागते. २०२३ मध्ये आकासा एअरचे ४३ पायलट नोटीस न पाळता गेले म्हणून कंपनी मुंबई उच्च न्यायालयात गेली होती.

आखाताचं आकर्षण

एमिरेट्स ही दुबईची कंपनी. तिच्याकडे छोटं विमान एकही नाही, सगळी मोठीच. त्यामुळे तिला कॅप्टन तयारच लागतात, आणि ते ती इतर देशांतल्या ए३२०-७३७ वाल्या कंपन्यांमधून उचलते. भारतीय कॅप्टन गेला की इथे त्याची जागा रिकामी होते, म्हणजे खालच्याला फायदा, पण तयार करायला दहा वर्षं लागलेला माणूस देश गमावतो. एअर इंडिया आणि इंडिगोची मोठी विमानं खरंच वेळेवर आली, आपले पायलट त्यावर बसले, तर दुबईला जायचं कारण बऱ्याच जणांसाठी उरणार नाही. पुढच्या पाच वर्षांत बघण्यासारखी गोष्ट हीच आहे.

आता आपल्या घरचा हिशोब

लायसन्सला सध्या साधारण पन्नास लाखांपासून पुढे खर्च येतो. ए३२० चं टाईप रेटिंग वेगळं, तो आकडा आणखी पंधरा-वीस लाखांच्या घरात. कंपन्यांच्या कॅडेट योजनेत गेलात तर एकूण रक्कम कोटीपर्यंत किंवा वर जाते, पण नोकरीची वाट बऱ्यापैकी आखलेली असते. जाहिरातीत “नोकरीची हमी” लिहिलं असेल तर ती हमी कोणत्या विमान कंपनीची, हे लेखी मागा. अकॅडमीच्या लेटरपॅडवरची हमी कामाची नाही.

राज्यात शिकायची सोय वाढतेय. गोंदियाला बिरसी विमानतळावर संस्था आहे, बारामती, धुळे, शिरपूरला आहेत, नागपूर फ्लाइंग क्लब आहे. अमरावतीला बेलोरा विमानतळावर एअर इंडिया ३४ प्रशिक्षण विमानांची अकॅडमी उभारतेय, वर्षाला १८० पायलट तयार करायचं तिचं उद्दिष्ट आहे. ओबीसी, व्हीजेएनटी आणि एसबीसी प्रवर्गातल्या मुलामुलींसाठी नागपूरच्या महाज्योती संस्थेने पायलट प्रशिक्षणाची योजना राबवली आहे. जागा अगदी मोजक्या असतात, पण जाहिरात निघते तेव्हा फॉर्म भरायला काय जातं? अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांनी केंद्राच्या शिष्यवृत्तीची चौकशी समाजकल्याण कार्यालयात करावी.

बारावीला फिजिक्स आणि मॅथ्स लागतं. हा नियम सैल करायचा विचार सरकार दरबारी झालाय, पण तोवर पोरगं बायोलॉजी घेऊन बसलं असेल तर ओपन स्कूलमधून मॅथ्सचा पेपर देता येतो.

पैसे भरायच्या आधी मेडिकल करून घ्या. आधी क्लास टू, मग क्लास वन, डीजीसीएने नेमलेल्या डॉक्टरांकडेच. डीजीसीएच्या वेबसाईटवर त्यांची यादी आहे. रंग ओळखण्यात दोष निघाला किंवा हृदयात, कानात काही अडचण निघाली तर ते काही हजारांत कळतं. मग डीजीसीएचा कॉम्प्युटर नंबर काढायचा आणि नेव्हिगेशन, हवामान, हवाई नियम हे पेपर द्यायचे. पासिंगला ७० टक्के लागतात. हे पेपर घरी अभ्यास करून, क्लास लावून देता येतात, त्याला जमीन विकावी लागत नाही. पोराला यात गोडी आहे की नुसती युनिफॉर्मची हौस आहे, ते या वर्षभरात दिसतं. अकॅडमीत नाव घालायच्या आधी एवढं झालेलं असलं तर बरं, आणि त्याच वर्षात इंडिगोचं पहिलं ए३५० कधी येतंय आणि त्यावर पायलट कोण बसवतायत, यावरही नजर ठेवता येईल.